बाँब न पडलेलं गाव

ज्या उन्हाळ्यात ईरण्णाचं लग्न झालं आणि अक्कलकोटची शिवकांता या घरात आली, तो १९४५ चा उन्हाळा. निजामाच्या हिशेबानं फसली १३५४. जर्मनीची लढाई संपल्याची बातमी नळदुर्गात आली ती मांडव उतरवायच्या दिवशी. त्यामुळं पुढं कितीतरी वर्षं घरातली माणसं 'लढाई थांबली ते साल' असं न म्हणता 'ईरण्णाच्या मांडवाचं साल' म्हणत. जपानची लढाई चालूच होती, पण ती लांबची म्हणून कुणी धरत नव्हतं.

मांडव उतरल्यावर महिन्याभरानं वीरप्पांनी आंब्याच्या जेवणाला माणसं बोलावली. माणसं म्हणजे एकच, त्यांचा मेहुणा माणिकप्पा. तो गुलबर्ग्याला सुभ्याच्या कचेरीत होता. टोपी, शेरवानी आणि बोलण्यात दर दोन वाक्यांमागं एक 'दरअसल'. वीरप्पांची बायको इरम्मा ही त्याची धाकटी बहीण. ती जाऊन पंधरा वर्षं झाली होती, तरी माणिकप्पानं या घरातला आपला पाट सोडला नव्हता.

बोलावण्याचं खरं कारण आंबा नव्हताच. ईरण्णा हैदराबादेत इंटर पास झाला होता आणि त्यानं घरात सांगितलं होतं, की मला दातांचं डॉक्टर व्हायचंय. हैदराबादेत दातांचं कॉलेज नव्हतं. म्हणजे रियासतीबाहेर जाणं आलं. कुठं अर्ज करायचा, ते त्या दुपारी ठरायचं होतं.

वीरप्पांचं मन मुंबईवर होतं, आणि त्याचं कारण त्यांची थोरली बहीण गिरिजाबाई. ती लहानपणीच विधवा होऊन भावाकडं आली. इरम्मा गेली तेव्हा ईरण्णा पाच वर्षांचा. त्याला गिरिजाबाईनं वाढवलं. लिंगायतांच्या रीतीनं इरम्माला खड्ड्यात मांडी घालून बसवून माती देऊन आल्यावर ती भावाला म्हणाली होती, "मला पोटचं न्हाय. माझ्या वक्ताला ह्या पोरानं माझ्यावर बेल टाकावा, एवढं बघ." वीरप्पांनी मान हलवली होती. आता गिरिजाबाई सत्तरीला आली होती. चालताना भिंतीला हात लावायची. मुंबई एका रात्रीच्या गाडीवर. बाकीची गावं वीरप्पांना नकाशातसुद्धा बघवत नव्हती.

हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. बसल्या बसल्या ते वेगळंच बोलत होते.

"दातांचं म्हंजे काय रं? हैदराबादेत पत्थरगट्टीला त्यो दंदानसाज बसतोय, म्होरं कवळ्या मांडून, तसं?"

"न्हाय आप्पा," ईरण्णा म्हणाला. "त्यो नुसत्या कवळ्या करतोय. आमाला शरीर शिकवत्यात. चार वर्षं. पहिल्यांदा मढं फाडून बघायचं, मग जबडा."

"म्या मुंबईत चिनी दातवाला बघितलाय," शिवलिंगप्पा मध्येच म्हणाला. तो थोरला भाऊ. भुसार दुकान आता तोच सांभाळायचा. "पाटीवर हे येवढं तोंड काढलेलं. आत गेलेला माणूस वरडत हुता, आन चिनी हसत हुता. सोन्याचे दात त्याला स्वतःलाच."

"तू गेला न्हाईस व्हय आत?" गिरिजाबाईनं विचारलं. ती चौकटीला टेकून रायवळ आंबा चोखत होती.

"म्या कशाला जाऊ? माझं शाबूत हायत."

"बघायला जायाचं की. येवढ्या लांब गेलास आन दारातनं परत आलास."

माणिकप्पानं घसा साफ केला. "दरअसल दाजी, हिंदुस्तानातल्या कॉलेजांचा विचारच कशाला? लंडन! सरकारचा वजीफा मिळतोय हुशार पोरांना. मी कचेरीत बोलतो. लंडनचा दातांचा डॉक्टर म्हटल्यावर बडे बडे नवाब दारात मोटार लावतील."

"लंडनात बाँब पडत्यात," वीरप्पा म्हणाले.

"पडायचे. आता थांबले."

"पाडणारा कवा फिरंल काय सांगावं?"

ईरण्णानं तीन कॉलेजांची छापील माहिती मागवून आणली होती. मुंबई, कलकत्ता, लाहोर. लंडनची त्यानं मागवली नव्हती, पण मामासमोर ते बोलला नाही. "कलकत्त्याचं सगळ्यात जुनं," तो म्हणाला. "आपल्याच माणसानं काढलेलं."

"तिथं जपाननं बाँब टाकले," वीरप्पा लगेच म्हणाले. "वरनं दुष्काळ. माणसं रस्त्यावर मेली म्हणत्यात. न्हाय."

"मग मुंबईत कमी झालं का?" माणिकप्पाला आयतंच मिळालं. "गोदीत जहाज फुटलं मागल्या साली. घरांवर सोन्याच्या विटा पडल्या म्हणत्यात."

"विटा पडल्या तर बऱ्याच की," शिवलिंगप्पा म्हणाला.

गिरिजाबाईनं कोय ताटात टाकली. "असं गाव सांगा, जिथं बाँब पडला न्हाय."

ईरण्णानं विचार केला. "लाहोर."

"कुठं आलं ते?"

"पंजाबात. लई वर. लई शांत गाव हाय म्हणत्यात. बागा हायत."

"मग त्येच लिवून टाका," गिरिजाबाई म्हणाली आणि दुसरा आंबा दाबून मऊ करायला घेतला.

सगळे हसले. वीरप्पा हसले नाहीत.

*

शिवलिंगप्पाला धाकट्या भावाचा राग नव्हता. पण कौतुकाची बोलणी चालली की त्याला बसून राहणं जड जायचं. तो उर्दू चौथीतून दुकानात आला तेव्हा त्याला कुणी नकाशा दाखवून कुठं जातोस असं विचारलं नव्हतं. आई गेली, वडलांचं दुकानात लक्ष लागेना, आणि थोरला म्हणून तो गल्ल्यावर बसला. त्याला मुंबई हवी होती ती आपल्या कारणानं. भाऊ मुंबईत असला तर आठवड्याला शेंगेचा भाव कळेल, शिवाय वर्षातून एकदा आपल्यालाही जाता येईल, आणि कुणी कशाला गेलास म्हणणार नाही.

म्हणून तो वडलांच्या बाजूनं बोलायला लागला. "मुंबईच बरी आप्पा. घरचं माणूस जवळ असलेलं बरं."

वीरप्पांना बरं वाटलं. बाप-लेक एका बाजूला झालेले बघून माणिकप्पानं पाट मागं सरकवला. त्याला आता लंडन जिंकायचं नव्हतं, मुंबई हरवायची होती.

"एक विचारू का दाजी? रागावू नका. दातांचं डॉक्टर म्हंजे दिवसभर दुसऱ्याच्या उष्ट्या तोंडात हात. लाळ, रगत. कुणी मटण खाल्लेलं, कुणी ताडी पिलेलं. आन संध्याकाळी त्याच हातात लिंग घिऊन पूजा? लंडनला गेला तर कुणी बघायला न्हाय. मुंबईत आपल्या सोलापूरच्या वाण्यांची निम्मी आळी हाय. पंधरा दिवसांत गावात बोभाटा हुईल."

हा मुद्दा वीरप्पांच्याही पोटात होता. मेहुण्यानं तो बाहेर काढला म्हणून त्यांना राग आला, आणि सुटल्यासारखंही वाटलं. हेच कारण धरून पोराला दुकानात बसवता आलं असतं. मग मुंबई नको, कलकत्ता नको, अक्काही एकटी पडायची नाही.

"माणिक म्हणतोय त्यात खोटं काय हाय?" ते हळूच म्हणाले.

ईरण्णाचा चेहरा उतरला. आईला जत्रेतल्या दात काढणाऱ्यानं चिमट्यानं दाढ ओढून दिली होती. त्याच रात्री गाल सुजला, मग गळा, मग पाणीही जाईना. हे त्यानं पाच वर्षांचा असताना बघितलं होतं. पण बापासमोर आईचं नाव काढायची त्या घरात रीत नव्हती.

"आई कशानं गेली मामा?" शेवटी तो एवढंच म्हणाला.

माणिकप्पानं टोपी काढून मांडीवर ठेवली.

गिरिजाबाई उठली. भिंतीला हात लावत ती सोप्याच्या कडेला, उजेडात येऊन बसली. "ईरण्णा, हिकडं ये. पोरी, तुझा आरसा आण लग्नातला."

शिवकांता आरसा घेऊन आली.

"माझ्या गळ्यात काय हाय माणिक?" गिरिजाबाईनं लुगड्याच्या पदराखालचं लिंग मुठीत धरलं. "ते बांधताना जंगमानं काय सांगितलं? जन्माचं सुतक, मरणाचं सुतक, बाईच्या विटाळाचं, जातीचं आन उष्ट्याचं. ही पाची सुतकं लिंग बांधलेल्या माणसाला न्हाईत. तुझ्या कानात सांगितलं न्हवतं व्हय?"

"सांगितलं हुतं अक्का, पण..."

"पण काय? कचेरीत गेल्यावर विसरलास? घाल रं हात." आणि तिनं तोंड उघडलं.

*

शिवकांताच्या हातात आरसा होता. उन्हाची तिरीप त्यात धरून ती अव्वाच्या तोंडात पाडत होती. सासरी गिरिजाबाईला अव्वा म्हणणारी ती एकटीच. बाहेर गेलेला नवरा चार वर्षांनी येणार की चार महिन्यांनी, हे या बैठकीत ठरणार आहे हे तिला कळत होतं. लंडन म्हटलं की अक्कलकोटला परत जाणं आलं, हेही कळत होतं. पण आरसा हातात आल्यावर ती ते विसरली. तिनं जन्मात कुणाच्या तोंडात इतक्या जवळून बघितलं नव्हतं.

ईरण्णानं हात धुवून बोट आत घातलं. "हे बघ, खाली तीनच ऱ्हायल्यात. ह्यो सुळा. ह्येच्या मागं दाढ हुती, ती तुटलीय. मूळ आतच हाय."

"मूळ म्हंजे झाडाला असतंय तसं?" शिवकांतानं विचारलं आणि आपण सासऱ्यासमोर बोललो म्हणून जीभ चावली.

"तसंच. दाढंला दोन असत्यात, वरच्या दाढंला तीन."

"तीन?" शिवलिंगप्पा उठून आला. "बघू. सरक जरा. उजेड दे की... न्हाय, हिकडं. आरं तिच्या, हे आत टाळूला रेघा कसल्या?"

"सगळ्यांना असत्यात. तुलाबी हायत."

शिवलिंगप्पानं जिभेनं आपली टाळू चाचपली. "हायत की! सत्तावीस वर्षं झाली, कुणी सांगितलं न्हाय."

माणिकप्पानं शेरवानीचं वरचं बटण सोडलं आणि तोही वाकला. "दरअसल जीभ खालनं इतकी निळी असते का रे?"

"शिरा हायत त्या मामा."

गिरिजाबाईनं तोंड मिटलं. "माझा जबडा दुखाय लागला. का तिकीट लावता? वीरू, तू बी बघून घे एकदा."

वीरप्पा आले. साठ वर्षं ज्या तोंडाची बोलणी खाल्ली ते त्यांनी आतून कधी बघितलं नव्हतं. ईरण्णानं गाल बोटानं बाजूला केला. तुटक्या दाढेभोवतीचं मांस काळंनिळं झालं होतं. तिथं बोट लागताच गिरिजाबाईचे खांदे उडाले.

"हे दुखतंय अक्का?" वीरप्पांनी विचारलं.

"हं."

"कवापास्नं?"

"झाली की वर्षं. भाकरी दुधात घालून खाती, त्याला काय हुतंय?"

वीरप्पांना वाटायचं, म्हातारीला दूध-भाकरी आवडते.

ईरण्णानं हात धुतले. मग कुणी काही म्हणायच्या आत गिरिजाबाईनं आपल्या ताटातली आंब्याची फोड उचलून त्याच्या हातात दिली. त्यानं ती खाल्ली. माणिकप्पा बघत होता.

"आत्याचं तोंड घरचं झालं," वीरप्पा म्हणाले. "उद्या कुणीबी यील. कुठल्याबी वस्तीवरचं."

"पाचांतलं चौथं काय सांगितलं म्या?" गिरिजाबाई म्हणाली.

दुकानाच्या पायरीशी माल उतरवणाऱ्या माणसांसाठी वेगळा तांब्या ठेवलेला असायचा. तो त्यांच्याच हुकमानं ठेवलेला होता, आणि गिरिजाबाईही तो रोज भरत असे. हे सोप्यातल्या सगळ्यांना माहीत होतं. पण त्या दुपारी तो विषय तिथंच राहिला.

"मग मुंबईला लिवू दे," वीरप्पा शेवटी म्हणाले. "शिकू दे. पण मुंबईला."

"मुंबईच का?" ईरण्णानं विचारलं. "आप्पा, तिथं मुंबई इलाख्यातल्या पोरांना आधी घेत्यात. आन ह्यात लिवलंय ते खरं असंल तर मुंबईला आन कलकत्त्याला सनद मिळती. लाहोरला युनिव्हर्सिटीची पदवी हाय."

"पदवी?" माणिकप्पा ताठ बसला. "मग गोष्ट निराळी. पदवी असली की पुढं विलायतेचा वजीफा मागता येतो. कारकुनाला सनद दिसत न्हाय, पदवी दिसते. शिवाय तिथं उर्दू चालते. ह्याचं सगळं शिक्षण उर्दूत. दाजी, मी लंडन सोडलं. लाहोर."

"तू काय धरतोस आन काय सोडतोस, तुझं तुलाच ठावं," शिवलिंगप्पा पुटपुटला. मग मात्र न राहवून त्यानं बोटं मोडत मोजणी केली. "सोलापूर, दौंड, मनमाड. मनमाडापतुर आपला माल जातोय. तिथनं दिल्ली. दिल्लीच्या म्होरं मला ठावं न्हाय." आणि उरलेलं बोट तसंच धरून, "बघायला पायजे एकदा."

अशा रीतीनं वीरप्पा एकटे राहिले. दोन पोरं आणि मेहुणा एका बाजूला गेले, आणि ज्या बाईसाठी ते मुंबईला चिकटून बसले होते ती आंब्याचे हात चाटत होती. त्यांचा आवाज चढला.

"लांब न्हाय पाठवणार! तुमाला काय, गाडीत बसवून दिलं की झालं. अक्काचं वय बघा. तिनं माझ्याकडनं सबूद घेतलाय. तिच्या वक्ताला पोरगा पायजे तिथं. लाहोरास्नं यायला किती दिस लागत्यात?"

आता सगळ्यांनी गिरिजाबाईकडं बघितलं.

*

गिरिजाबाईला पंधरा वर्षांपूर्वीचं आपलं बोलणं लख्ख आठवत होतं. पण भाऊ ते इतकी वर्षं सांभाळून बसला असेल असं तिला वाटलं नव्हतं. तिला त्याची कीव आली, आणि हसूही.

"वीरू, आपलं माणूस सकाळी गेलं तर माती कवा देतो?"

"सांजच्या आत."

"रात्री गेलं तर?"

"दुसऱ्या दिशी दोपारच्या आत."

"मग हिशोब कर. मी गेले. तू सोलापूरला माणूस धाडणार, तिथनं तार करणार. तार मुंबईत कॉलेजात जायाची. ह्यो गाडीत बसायचा, रात्र काढायची, सोलापूरला उतरायचं. मोटार मिळाली तर मिळाली. मग नाक्यावर करोडगिरीवाला ट्रंक उघडून बघणार, ह्यात कापड हाय का, सुपारी हाय का. तवर मी खाली मांडी घालून बसलेली. वर माती पडून दिवा बी लागलेला."

माणिकप्पाला हसू आवरेना. त्यानं तोंडावर हात धरला.

"मुंबईस्नं पोचायचा न्हाय आन लाहोरास्नं बी पोचायचा न्हाय. विलायतेस्नं तर न्हायच न्हाय. मग माझ्यापायी जवळचं गाव कशाला धरून बसलास? माझं बघायचं तर त्येला दुकानातच बसवाय पायजे. तसं म्हणतोस काय?"

इतक्या महिन्यांत वीरप्पांनी गाड्यांचा हिशोब केला होता, भाड्याचा केला होता, पण हा केला नव्हता. त्यांनी आयुष्यभर शेकडो मातींना खांदा दिला होता, आणि तरी बहिणीच्या वेळेला सगळं थांबेल असं त्यांना कुठंतरी वाटत होतं.

"तू सबूद घेतला हुतास," ते म्हणाले. आवाज लहान झाला होता.

"घेतला हुता. आता परत करती. बेल कोण टाकंल त्यो टाकंल, झाडाला काय कमी पानं हायत? पोरगं मला काय शिकून येतंय ते ऐकायचंय. वर्षातनं एकदा आलं तरी बास. तिथं लोकं काय खात्यात रं, लाहोरात?"

"गव्हाची रोटी आत्या. डाळ."

"जवारी?"

"न्हाय मिळत."

"मग दातांचं काम कमी असंल तिथं," ती म्हणाली. मग शिवकांताकडं वळली. "आन तू ग? सगळ्यांनी आपापलं गाव सांगितलं. तुझं कुठलं?"

शिवकांतानं आरसा पदरानं पुसला. सासरा, थोरला दीर, मामेसासरे, सगळे समोर. तिनं खाली बघूनच सांगितलं. "कुठलंबी चालंल अव्वा. दुसऱ्या वर्षी मला तिकडं न्यायचं. उजेड धरायला माणूस लागतंयच."

शिवलिंगप्पा मोठ्यानं हसला. ईरण्णाचे कान लाल झाले. वीरप्पांनी नव्या सुनेकडं पहिल्यांदा नीट बघितलं.

"लिही," ते ईरण्णाला म्हणाले. "पहिल्यांदा लाहोरला लिही. मग कलकत्त्याला. मुंबईला बी लिवून ठेव, माझ्या समाधानासाठी."

माणिकप्पानं इंग्रजी तपासून द्यायचं कबूल केलं आणि त्या निमित्तानं आणखी चार दिवस आंबे खाल्ले. शिवलिंगप्पानं अर्ज सोलापुरातून टाकले, कारण तिथलं टपाल लवकर जातं असा त्याचा समज होता. मुंबईहून उत्तर आलं नाही. कलकत्त्याचं नकाराचं आलं. लाहोरनं बोलावलं, आणि त्या साली पाऊस उघडल्यावर ईरण्णा मनमाडमार्गे गेला. दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर शिवलिंगप्पा शिवकांताला तिकडं पोचवून आला. आल्यावर तो कितीतरी दिवस गिरिजाबाईला तिथल्या बागा, टांगे आणि थंडी सांगत बसे, आणि तीही तेच तेच परत विचारत असे.

गिरिजाबाई १९४७ च्या फेब्रुवारीत, महाशिवरात्रीच्या आदल्या आठवड्यात, नळदुर्गात पहाटे वारली. त्याच दिवशी दुपारी तिला माती दिली. ईरण्णा आणि शिवकांता लाहोरात होते.